स्प्रिंकल्स घरी होतात, फक्त रेसिपी ग्रॅममध्ये द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतल्या केक आणि कुकीजच्या रेसिपी मी नेमाने वाचते, कात्रणं काढून वहीत चिकटवते. मैदा किती, बटर किती, ओव्हन कितीवर, सगळं व्यवस्थित दिलेलं असतं, आणि मग शेवटची ओळ येते "वरून आवडीनुसार स्प्रिंकल्स घाला" आणि रेसिपी संपते. म्हणजे ज्या गोष्टीवर लहान मुलं सगळ्यात आधी तुटून पडतात तिच्याबद्दल एक शब्द नाही, ती पाकिटातून आली की झालं. माझं म्हणणं एवढंच आहे की या रंगीत साखरेच्या सजावटीचीही एक पूर्ण रेसिपी द्या. ती घरी होते, आणि घरी केली की आत काय गेलंय ते आपल्याला माहीत असतं. पत्र लांबणार आहे, कारण नुसतं "छापा" म्हणून सोडून देण्यापेक्षा काय छापावं तेही लिहावं असं वाटलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, सगळेच प्रकार घरी होत नाहीत. ते जे अगदी बारीक गोल दाणे असतात ना, ते कारखान्यात मोठ्या फिरत्या ड्रममध्ये करतात, आत साखरेचा कण टाकायचा आणि त्यावर पाकाचे पातळ थर चढवत राहायचं, एक थर सुकला की दुसरा, कितीतरी तास हे चालतं, ते घरच्या कढईत करायच्या भानगडीत पडू नये. पण लांब काड्या, चपटे ठिपके, छोटी फुलं, रंगीत साखर, जाड पांढरी खडीसारखी दाणेदार साखर, हे सगळं घरी अगदी छान जमतं आणि त्याला लागणारं सामान ज्याच्या घरी केक होतो त्याच्याकडे असतंच.

विकतच्या काड्यांच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात काय लिहिलेलं असतं ते एकदा बघाच. साखर आणि स्टार्च असतोच, बऱ्याचदा वनस्पती तेल किंवा फॅट असतं, रंग असतात आणि चकाकीसाठी कार्नोबा मेण (एका ताडासारख्या झाडाच्या पानांचं) किंवा शेलॅक असतं. शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारा पदार्थ, जे कडक शाकाहारी आहेत त्यांना हे माहीत असायला हवं की नको? विषारी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, खाण्यासाठी त्याला परवानगी आहे, पण माहीत असणं हा वाचकाचा हक्क आहे.

आता करायचं कसं ते. २०० ग्रॅम आयसिंग शुगर, एका अंड्यातला पांढरा भाग म्हणजे साधारण ३० ग्रॅम, चिमूटभर मीठ, पाव चमचा व्हॅनिला, बस. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो म्हणून लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं खाणार असतील तर मेरिंग पावडर म्हणजे अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्या भागाची पूड घ्यावी, ती पाश्चराइज केलेली असते, १० ग्रॅम पावडर आणि ३० मिली पाणी धरा. अंडं अजिबातच नको असेल तर आयसिंग शुगरमध्ये दोन छोटे चमचे लिक्विड ग्लुकोज आणि अगदी थेंब थेंब करत २०-२५ मिली पाणी. ग्लुकोजमुळे काडी सुकल्यावर ठिसूळ होऊन पीठ होत नाही, पण जास्त पडलं तर ती चिवट राहते आणि हाताला चिकटते, त्यामुळे इथे अंदाजपंचे चालत नाही.

आणि म्हणूनच माझी मुख्य मागणी, ग्रॅममध्ये द्या. आयसिंग शुगर चाळून भरली तर कपात एक वजन बसतं आणि दाबून भरली तर भलतंच, "एक कप" म्हणजे नक्की किती हे कुणालाच कळत नाही. केकमध्ये थोडं इकडेतिकडे खपून जातं, इथे एक चमचा पाणी जास्त झालं की काडीची चपटी पट्टी होते. घरी साखर दळून घेणाऱ्यांसाठी पण एक ओळ टाका, १०० ग्रॅम साखरेला ३ ग्रॅम कॉर्नफ्लोअर घालून दळायचं नाहीतर गाठी होतात, आणि दोनदा बारीक चाळणीतून काढायचं कारण नोझलचं भोक जेमतेम एक मिलिमीटरचं असतं, साखरेचा एक अख्खा कण राहिला की तिथेच अडकून बसतो आणि मग बॅग जोरात दाबली की मागून फुटते.

घट्टपणा हा या सगळ्याचा जीव आहे आणि रेसिप्यांमध्ये नेमका तोच सांगत नाहीत. मिश्रण टूथपेस्टसारखं हवं. चमचा वर उचलून उलटा केला तर टोक उभं राहून जरासं वाकतं, तितपत. सुरीने मधून रेघ मारली तर रेघ मिटता कामा नये. मिटत असेल तर चमचा चमचा आयसिंग शुगर घालत जा, आणि रेघेच्या कडा तुटक खरबरीत दिसायला लागल्या तर पाण्याचे दोन थेंब, एका वेळी दोनच. पायपिंग बॅगला १ किंवा २ नंबरचं गोल नोझल लावायचं, ट्रेवर बटर पेपर पसरून चारी कोपऱ्यांना त्याच मिश्रणाचा एक एक ठिपका देऊन तो चिकटवून टाकायचा म्हणजे सरकत नाही, आणि मग सरळ लांबच लांब रेघा ओढायच्या. नोझल कागदाला टेकवून घासत न्यायचं नाही. सुरुवातीला टेकवायचं, मग अर्धा सेंटीमीटर वर उचलायचं आणि रेघ आपोआप खाली पडू द्यायची, म्हणजे ती गोल राहते. घासत नेली की खालून चपटी होते आणि जागोजागी तुटते. हाताचा वेग आणि बॅगवरचा दाब एकसारखा ठेवायचा, हात पुढे पळाला की रेघ बारीक होऊन तुटते, हात रेंगाळला की गाठ येते. हे वाचून अवघड वाटेल पण पहिला बटर पेपर भरून होईपर्यंत हात बसतो, खरंच.

ठिपक्यांचं वेगळं आहे. ठिपका काढून नोझल वर उचललं की त्याला शेंडी येते, ती सुकल्यावर काट्यासारखी टोचते, म्हणून पाण्यात बोट बुडवून झटकून हलकेच शेंडी खाली दाबायची. लहान मुलांना हे काम द्या, फार मन लावून करतात.

सुकवणं. इथे घाई करून उपयोग नाही. बारीक काड्यांना साधारण २४ तास, जाड ठिपक्यांना, फुलांना ४८ पण लागतात. साखर हवेतलं पाणी ओढते, दमट हवेत अजून वेळ लागतो, आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की साध्या साखरेलाच पाणी सुटायला लागतं मग आपल्या काड्या कुठून सुकणार, त्यात ग्लुकोज असेल तर अजूनच आधी ओलसर होतात. पावसाळी दिवसात फॅनखाली ठेवा, फॅनचा अजून एक फायदा म्हणजे वरचा पापुद्रा लवकर धरतो आणि त्यामुळे जराशी चकाकी येते, सावकाश सुकलेल्या काड्या मंद दिसतात. काही जण ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून आत ठेवतात तेही चालतं, पण ओव्हन चालू करून भाजू नका, पांढरं पिवळं पडतं आणि रंग फिके होतात. सुकलंय का बघायला एक काडी मोडायची, टचकन मोडली पाहिजे. वाकून मग तुटली तर आत ओल आहे, ती तशीच डब्यात भरली तर सगळ्यांचा मिळून एक गोळा होणार. नीट सुकल्या की कागद हातात धरून वाकवायचा, काड्या सुटून येतात, मग सुरीने किंवा हाताने हव्या त्या लांबीचे तुकडे करायचे आणि घट्ट झाकणाच्या बरणीत, उजेडापासून लांब ठेवायचे. खाली साखरेचा जो चुरा राहतो तो टाकू नका, कुकीजवर भुरभुरवायला उत्तम.

रंगाबद्दल मात्र मला जास्त लिहायचंय कारण इथेच सगळ्यात अर्धवट माहिती दिली जाते.

पातळ रंग वापरू नये, जेल वापरावा, नाहीतर पाणी वाढतं आणि घट्टपणाची सगळी मेहनत वाया. रंग हवा त्यापेक्षा थोडा फिका ठेवायचा, थोडा वेळ गेला की तो आपोआप गडद होतो. पण घरी केलं म्हणजे रंग निर्धोक झाला असं समजू नका. जेलच्या बाटलीतही तेच कृत्रिम रंग असतात. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास आला होता, त्यात काही रंगांची मिश्रणं आणि सोबत सोडियम बेंझोएट हा पदार्थ टिकवणारा घटक दिल्यावर मुलांच्या चंचलपणात फरक दिसला, त्यानंतर युरोपात टार्ट्राझिन, क्विनोलिन यलो, सनसेट यलो, कार्मोइझिन, पोंसो ४आर आणि अलुरा रेड हे सहा रंग असलेल्या पदार्थांवर जुलै २०१० पासून मुलांच्या एकाग्रतेबद्दलची सूचना छापणं सक्तीचं झालं. त्या अभ्यासावर तज्ज्ञांचे मतभेद आहेत, सगळ्या मुलांवर सारखा परिणाम दिसला नव्हता, म्हणून घाबरवायला मी हे लिहीत नाहीये. पण बाटली हातात घेऊन नावं वाचायची सवय लागावी आणि ती लावण्याचं काम वर्तमानपत्र करू शकतं. एरिथ्रोसिन नावाचा जो गुलाबी-लाल रंग असतो, ज्याला रेड ३ म्हणतात, त्याची खाद्यपदार्थातली परवानगी अमेरिकेच्या एफडीए या अन्न आणि औषध नियामक संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतली, कंपन्यांना तो बदलायला जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिलीय. असे बदल होत असतात आणि घरातल्या कपाटात जुनी बाटली तशीच पडलेली असते.

पांढऱ्याचंही तसंच. विकतच्या सजावटीत झगझगीत पांढरा यावा म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड घालायचे, पाकिटावर तो ई१७१ म्हणून लिहिलेला असतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मे २०२१ मध्ये सांगितलं की तो खाण्यात सुरक्षित आहे असं आता म्हणता येत नाही, कारण पेशींमधल्या डीएनएला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि २०२२ मध्ये युरोपियन युनियनने खाद्यपदार्थात त्यावर बंदी आणली. इतर बऱ्याच देशांत अजून चालतो. घरी तो लागतच नाही हो! आयसिंग शुगरचे इतके बारीक कण असतात की त्यांच्यावरून उजेड सगळीकडे पसरतो आणि मिश्रण आपोआप पांढरं दिसतं, जरा जास्त वेळ फेटलं की हवा भरते आणि अजून पांढरं होतं. व्हॅनिला तेवढा रंगहीन घ्या, तपकिरी घातला तर मोतिया रंग येतो.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. फळाभाज्यांचे रंग केकच्या आत घातले की भाजताना मरतात, बीटचा गुलाबी तर हमखास मरतो, मग लोक म्हणतात नैसर्गिक रंग टिकत नाहीत. पण स्प्रिंकल्स भाजायचेच नसतात, नुसते सुकवायचे असतात! त्यामुळे बीट पावडर, हळद, पालक पावडर, माचा (हिरव्या चहाची पूड), कोको, फ्रीझ-ड्राय केलेल्या स्ट्रॉबेरी-रास्पबेरीची पूड, निळ्यासाठी स्पिरुलिना या शेवाळाचा निळा अर्क, हे सगळे रंग इथे सुंदर उतरतात. रस घालू नका, पूडच घाला आणि ती अगदी बारीक चाळून. कोको घालायचा तर २०० ग्रॅममधली २० ग्रॅम साखर कमी करून तेवढा कोको. एक गंमत लक्षात ठेवा, बेरीच्या किंवा लाल कोबीच्या रंगाला आंबटपणा लागतो. अंड्याचा पांढरा भाग अल्कधर्मी असतो, त्यात बेरीची पूड पडली की छान गुलाबी यायच्या ऐवजी करडा-जांभळा होतो आणि माणूस वैतागून मिश्रण फेकून देतो. फेकू नका, लिंबाचे दोन-तीन थेंब घाला, डोळ्यांदेखत गुलाबी परत येतो. हेच उलटं वापरता येतं, लाल कोबीच्या रंगात चिमटीभरही नाही इतका खायचा सोडा घातला की निळा मिळतो, जास्त झाला तर हिरवट होतो आणि चवही बिघडते. हे रंग उजेडात उडतात, हळदीचा तर फारच पटकन, म्हणून बरणी कपाटात.

रंगीत साखर तर पाच मिनिटांचं काम. १०० ग्रॅम जाड दाण्याची साखर झिपच्या पिशवीत, जेल रंगाचे एक-दोन थेंब, पिशवी बंद करून चोळत राहायचं, मग ताटात पसरून वाळवायची, गुठळ्या हाताने मोडायच्या. ही साखर कुकीजवर भाजायच्या आधीच घालता येते, १७०-१८० डिग्रीला कुकीजच्या वेळात दाणे विरघळत नाहीत, चमकतात. चिकटावी म्हणून वरून अंड्याचा पांढरा भाग किंवा दूध ब्रशने लावा.

ते चमकणारे लस्टर डस्ट, ज्याने सोनेरी गुलाबी केक होतात, त्याबद्दल तर तुम्ही लिहायलाच हवं. बऱ्याच डब्यांवर "नॉन-टॉक्सिक" छापलेलं असतं आणि लोक ते खाण्यायोग्य समजतात. ते खाण्यासाठी असतंच असं नाही, शोभेसाठीही असू शकतं. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ मध्ये वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलं आजारी पडली, उलट्या-जुलाब, तपासात केकवरच्या रोझ गोल्ड डस्टमधून तांबं पोटात गेल्याचं निघालं. २०१९ मध्ये मिसुरीत एका लहान बाळाच्या रक्तात शिसं जास्त सापडलं आणि माग काढल्यावर केकच्या सजावटीतली पिवळी डस्ट निघाली. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ मध्ये हे सगळं प्रसिद्ध केलंय. डब्यावर घटकांची यादी असली आणि "एडिबल" स्पष्ट लिहिलेलं असलं तरच केकवर घ्या, नाहीतर त्या डब्याला स्वयंपाकघरात जागा नको. मुलांच्या केकवर त्या कडक चंदेरी गोळ्या पण नकोत, दातांना आणि घशाला दोन्हीला धोका. चमक हवीच असेल तर जाड साखरेचे दाणे पुरेसे चमकतात.

अजून एक, घरचे स्प्रिंकल्स कधी घालायचे. विकतच्यांवर मेणाचा थर असतो म्हणून ते दम धरतात, आपल्यांवर नसतो. व्हिप्ड क्रीमवर घालायचे तर अगदी कापायच्या आधी, क्रीममध्ये पाणी असतं, तासाभरात रंग पाझरून रेघोट्या उमटतात. बटरक्रीमवर ताजं असतानाच, कारण त्यावर पापुद्रा धरला की काही चिकटत नाही. आणि फ्रिजमधून केक बाहेर काढला की त्याला घाम येतो, तो घाम सुटत असताना रंगीत काड्या वर असल्या तर सगळा केक डागाळतो, म्हणून आधी केक खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा आणि वरचा ओलावा गेला की मग सजवायचा. बॅटरमध्ये मिसळायचे असतील तर जाडसर काड्या घ्या आणि सगळ्यात शेवटी हलक्या हाताने दोन-चार वेळा फिरवा, ठिपके लगेच विरघळून बॅटर करडं होतं.

तर संपादक महोदय, एखाद्या आठवड्यात अर्धं पान याला द्या. वजनं ग्रॅममध्ये, बिनअंड्याची कृती शेजारीच, कोरड्या आणि दमट हवेतला सुकण्याचा वेळ वेगवेगळा, आणि डब्यावरचं काय वाचायचं त्याची एक चौकट. फोटो मात्र सजवलेल्या केकचा नको, तो दर वेळी असतो. नोझलमधून कागदावर पडणाऱ्या ओल्या रेघेचा जवळून घेतलेला फोटो छापा, एक बरोबर घट्टपणाची, एक पातळ झालेली, एक तुटलेली, तीनही शेजारी शेजारी. पहिल्यांदा करणाऱ्याला मिश्रण किती घट्ट हवं ते वाचून कळणार नाही, तो फोटो बघून कळेल.

आपली,
एक नियमित वाचक